खाण्यासाठी क्रूझ घ्यायची, तर जहाज बघावं की बंदरं?

पानवाढ:
प्रवास भूमध्य समुद्रातला, ७ रात्री, माणसं दोन, आणि जायचं मुख्य कारण जेवण. अशांनी मोठ्या जहाजाच्या नादी लागूच नये. ओशियानिया या कंपनीची मरीना किंवा रिव्हिएरा ही जहाजं बघा. प्रवासी साधारण १,२००. रेड जिंजर, तोस्काना, पोलो ग्रिल या खास रेस्टॉरंटांचे वेगळे पैसे नाहीत. स्वयंपाक शिकायचा असेल तर प्रत्येकाला स्वतंत्र शेगडी मिळणारा वर्गही आहे, तो मात्र पैसे भरून. याउलट कॅरिबियनमधल्या आयकॉन ऑफ द सीजसारख्या जहाजावर खोलीमागे दोन धरले तरी ५,६०० माणसं होतात. एवढ्यांची पंगत उठवायची म्हणजे पदार्थ आधी करून गरम ठेवणं आलं, आणि माशाचा तुकडा कोरडा पडतो तो तिथेच.

नांगर:
मासा कोरडा पडतो हे खरं, पण तो मागवायचाच कशाला? मोठ्या जहाजाच्या मुख्य भोजनगृहात तास-अर्धा तास थांबूनही न बिघडणारं मागवावं: मंद आचेवर शिजलेलं मटण, सूप, रस्सा. रिसोटो (मऊसर इटालियन भात), तळलेलं आणि ग्रिलचा मासा टाळावा. बुफेत उघडल्या उघडल्या जावं. स्वच्छतेच्या नियमानुसार गरम पदार्थ निदान ५७ अंश सेल्सिअसला ठेवावा लागतो, म्हणजे ट्रेमध्ये तो शिजतच राहतो.

पण माझा मुद्दा वेगळाच आहे. आधी वेळापत्रक बघा. जहाज सकाळी ८ ला लागतं आणि ५-६ ला सुटतं, परतायचं त्याच्याही आधी. स्पेनमध्ये दुपारचं जेवण दीड-दोनला सुरू होतं आणि रात्रीचं नऊच्या पुढे, म्हणजे हाती लागतं ते एकच जेवण. यादीतलं ‘रोम’ प्रत्यक्षात चिविताव्हेक्किया असतं, शहरापासून सुमारे ८० किलोमीटर. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो, तेही तितकंच लांब. नेपल्स, पालेर्मो, जेनोआ इथे मात्र धक्क्यावरून चालत गावात. पालेर्मोचं पानेल्ले म्हणजे आपल्या पाटवडीची सिसिलीतली बहीण, फक्त तळून पावात भरलेली. अशी तीन बंदरं असतील तर जहाज कुठलंही चालेल.

पानवाढ:
‘कुठलंही’ कसं चालेल? ७ रात्री म्हणजे ७ रात्रीची जेवणं, आणि ती सगळी जहाजावरच, हे तुम्हीच सिद्ध केलंत. आता हिशोब. मोठ्या जहाजावरच्या खास रेस्टॉरंटात माणशी ५० डॉलर धरा. दोघं, ४ रात्री: ४०० डॉलर. बिलावर १८ ते २० टक्के सेवाशुल्क बहुतेक कंपन्या लावतातच, म्हणजे ४७२ ते ४८०. तिकिटांची तुलना ही रक्कम मिळवून करा.

नांगर:
मिळवली. तरीही लहान जहाजाचं तिकीट बहुधा वरच राहतं, आणि उरलेल्या पैशात नेपल्समध्ये दुपारी राजेशाही जेवण होतं. फारच हौस असेल तर एखाद्या बंदरात जहाज रात्रभर थांबतं असा मार्ग शोधा, म्हणजे रात्रीचं जेवणही गावात.

बिनलसूण:
दोघेही मांसाहाऱ्यांचंच बोलताय. शाकाहारी आणि विशेषतः जैन माणसाने निवड तिसऱ्याच कसोटीवर करावी: आदल्या संध्याकाळी उद्याचा मेनू दाखवून त्यावर खुणा करून घेतात का? बुकिंग करताना लेखी कळवा, पहिल्याच संध्याकाळी हेड वेटरला भेटा आणि रोज हेच करा. टेबलावर बसून ‘कांदा-लसूण नको’ म्हटलं तर उपयोग शून्य, कारण ग्रेव्हीचा पाया सकाळीच शिजलेला असतो.

इटलीत शाकाहारी दिसणारं सगळं शाकाहारी नसतं. पार्मेजानो चीजमध्ये वासराचं रेनेट (त्याच्या पोटातून काढलेलं विरजण) असतं, पेस्तो या तुळशीच्या चटणीत लसूण आणि बहुधा तेच चीज, मिनेस्त्रोने या भाज्यांच्या सूपमध्ये कधी मांसाचा स्टॉक. जेनोआतली फारिनाता ही भाजलेली धिरड्यासारखी पोळी चालते, ती चण्याचं पीठ, पाणी, तेल आणि मीठ एवढ्यावरच होते. आणि जहाजावर फुगलेला फुलका किंवा भाजलेल्या वांग्याचं भरीत मागू नका. आगीच्या भीतीने तिथे गॅसची उघडी ज्योत नसते, सगळं विजेवर. एवढं जमणार नसेल तर मुंबईहून सुटणारी कॉर्डेलिया क्रूझ बघा, तिथे जैन जेवण मिळतं.

नांगर:
हे मान्य. शाकाहाऱ्याला लहान जहाज जास्त सोयीचं, आचाऱ्याशी थेट बोलता येतं.

पानवाढ:
फक्त शाकाहाऱ्यालाच? बरं नांगर, तुमचीच बंदरांची कसोटी घ्या, पण मग वारही बघा. जहाज बार्सिलोनाला रविवारी लागत असेल तर तिथला बोकेरिया हा खाण्यापिण्याचा बाजार बंद असतो.