अनुभव : आयटीआय, अप्रेंटिस आणि "दुसरं काही जमलं नाही का?"

उद्यमनगरकर
काल बहिणीचा फोन. भाच्याला दहावीला ७८ टक्के पडले आणि पठ्ठ्या आयटीआयला मशिनिस्ट ट्रेडचा फॉर्म भरतोय. घरात सुतक. भाऊजी बोलेनात, आजीने देव पाण्यात ठेवलेत. "एवढे मार्क पडून लोखंड घासणार?" हे चुलत्याचं वाक्य.
ते ऐकलं आणि माझे आयटीआयमधले फिटरचे दिवस वर आले. सुरुवातीला मशीनच्या जवळपासही फिरकू देत नाहीत. व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या शिकंजात, लोखंडाचा तुकडा आवळायचा आणि कानस मारायची. सकाळी कानस, दुपारी कानस, रात्री जेवताना घास तोंडापर्यंत नेताना हात थरथरतो. आमचे सर तुकड्याला गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून तो खिडकीकडे धरायचे. मधून उजेडाची रेघ दिसली की काही न बोलता परत हातात. एके दिवशी रेघ दिसली नाही. मला वाटलं आता शाबासकी. सर म्हणाले, "हं. आता दुसरी बाजू."
तुम्हाला, तुमच्या पोरांना कुणी या वाटेला लावलं, कुणी अडवलं? लिहा. शिव्याही चालतील.

झणझणीत_रस्सा
पहिली! नंतर सविस्तर लिहिते, कुकर लावलाय

लेथवाला
लेथच्या चकात (फिरणारा जॉब धरतो तो भाग) तो आवळायची चावी विसरून मशीन चालू करणारे हात वर करा 😂 आमच्याकडे चावी चकात राहिलेली दिसली की अख्खी बॅच दिवसभर उभी. मशीन बंद असलं तरी. तेव्हा सरांचा राग यायचा. आता माझ्या शॉपमध्ये नवीन पोरं येतात तेव्हा मी त्याहून वाईट ओरडतो. ती चावी सुटली तर कुणाचं कपाळ फुटेल सांगता येत नाही.
आणि चुलत्याला विचारा, भांड्यांपासून एसटीपर्यंत लोखंड घासल्याशिवाय काय बनतं ते.

सुमेधा_न
माझी लेक इलेक्ट्रिशियन झाली. सासूबाई: "पोरगी खांबावर चढणार का आता?" हो, चढली. महावितरणला विद्युत सहायक आहे. पावसाळ्यात रात्री फोन आला की माझ्याच पोटात गोळा येतो, ती आपली रेनकोट घालून बाहेर. गावात लाईट गेली की आता त्याच सासूबाई शेजारणींना सांगतात, "थांबा, आमची करतेय काम."
वर्गात मुली अगदी मोजक्या. वर्कशॉपच्या बाजूला मुलींसाठी धड बाथरूम नव्हतं, त्यावर लिहायला बसले तर वेगळा धागा होईल.

ठोंब्या
+१ सुमेधाताई, लेकीला सलाम

कडू_कारलं
सगळं गुलाबी दिसतंय म्हणून थोडं कडू. माझ्या अप्रेंटिसच्या वर्षात, म्हणजे कंपनीत शिकाऊ असताना, मी शिकलो काय, तर चहा आणणं, मशीनखालचा लोखंडाचा कीस झाडणं आणि रिजेक्ट माल मोजणं. विद्यावेतन यायचं तेव्हा यायचं. वर्ष संपलं, सर्टिफिकेट दिलं, नवीन बॅच आत. अप्रेंटिस कायदा १९६१ पासून आहे, पण कायदा भिंतीवर आणि झाडू हातात. नाव घेत नाही, अशा कंपन्या खूप आहेत.
उद्यमनगरकर, भाच्याला एक नक्की सांगा. हात आत गेला की मशीन थांबवणारा सेन्सर बंद करून पॉवर प्रेस (पत्रा दाबायचं मशीन) चालव असं कुणी म्हणालं की जेवणाचा डबा उचलायचा आणि घरी यायचं. आमच्या खोलीवरच्या मित्राची दोन बोटं गेली. "प्रॉडक्शन वाढतं" म्हणून सेन्सर काढला होता.

उद्यमनगरकर
@कडू_कारलं हे सांगणारच. आणि गुलाबी कुठे, हाताला फोड आले होते हो माझ्या.

पाबळचा_पक्षी
आमच्या शाळेत आठवीपासून आयबीटी, म्हणजे मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख हा विषय, होता. आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, वायरिंग, रोपवाटिका, स्वयंपाक, सगळं सगळ्यांना. मुलांना पोळ्या, मुलींना ड्रिल मशीन. ही कल्पना डॉ. श्रीनाथ कलबागांची. हिंदुस्तान लिव्हरमधली शास्त्रज्ञाची नोकरी सोडून त्यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढला. पुढे मी तिथेच राहून शिकलो. गणितात नापास होणारं पोर डोमचे (घुमटाकार घराचे) पाइप कापताना कोन बरोबर काढायचं, हे डोळ्यांनी बघितलंय.
वेल्डिंगला रॉड सारखा चिकटायचा. सर म्हणायचे, बघू नको, ऐक. भजी तळल्यासारखा एकसारखा आवाज आला की टाका बरोबर चाललाय.

लेथवाला
आणि वेल्डिंगकडे काळी काच न लावता बघितलं की रात्रभर डोळ्यांत वाळू. हॉस्टेलला सगळे डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून झोपलेले 😂😂

निवांत_काका
भाऊजींना एवढं सांगा. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केला की पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. वाट बंद होत नाही. माझा पुतण्या असाच गेला. डिप्लोमाच्या वर्कशॉपमध्ये बाकीचे मायक्रोमीटर (बारीक मापं घ्यायचं साधन) उलटा धरत होते तेव्हा हा त्यांना शिकवत होता.
अवांतर : कोथरूडात चांगला प्लंबर आहे का कुणाच्या माहितीत? आमचा गावी गेला तो आलाच नाही.

मेघना_स्टुटगार्ट
इथे शेजारचा मुलगा सोळाव्या वर्षी ऑसबिल्डुंगला, म्हणजे इथल्या शिकाऊ प्रशिक्षणाला, लागला. आठवड्यातले एक-दोन दिवस शाळा, बाकी कारखाना, आणि पहिल्या महिन्यापासून पगार. त्याचे वडील डॉक्टर आहेत, कुणी सुतक पाळलं नाही. पुढे माइस्टर (त्या कामातला परीक्षा दिलेला उस्ताद) झाला तर स्वतःच्या हाताखाली शिकाऊ घेईल.
२०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारचा आमच्या राज्याशी, बाडेन-वुर्टेम्बर्गशी, कुशल कामगारांसाठी करार झाला तेव्हापासून मला नातेवाइकांचे फोन. सगळ्यांना एकच सांगते, आधी जर्मन. आयटीआयचं सर्टिफिकेट इथे आपोआप चालत नाही, समकक्षता तपासून घ्यावी लागते. आणि भाषा कच्ची असेल तर साइटवर फोरमन काय ओरडतोय तेच कळत नाही.

कडू_कारलं
फोरमन काय ओरडतोय ते आपल्या भोसरीच्या कारखान्यांतही कळत नाही, मशीनच्या आवाजात 😛

वऱ्हाडी_ठेचा
आमच्याकडं तर लगनातच अडते गाडी. पोरगा वेल्डर, सोताचं शॉप, दोन पोरं हाताखाली, तरी पोरीचा बाप म्हणते नोकरी पाह्यजे. नोकरीवाला जावई बारा हजारावर, अन् हा त्याला उसने देते.

सुमेधा_न
@निवांत_काका प्लंबरचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. माणूस चांगला आहे पण वेळ पाळत नाही, आधीच सांगते.

निवांत_काका
धन्यवाद ताई. हल्ली वेळ पाळणारा प्लंबर मागणं म्हणजे हावरटपणाच.

झणझणीत_रस्सा
आले. लिहिणार होते पण मिक्सर बंद पडलाय आणि उद्या पाहुणे. जळका वास येतोय. इथे एवढे मेकॅनिक जमलेत तर कुणी सांगेल का?

लेथवाला
जार काढून रिकामा फिरवा. खालून ठिणग्या दिसतात?

झणझणीत_रस्सा
हो! निळ्या

लेथवाला
मग बहुतेक मोटरमधले कार्बन ब्रश झिजलेत. जुनी जोडी काढून दुकानात घेऊन जा, नुसतं मॉडेल सांगितलं तर तो काहीही देतो.

सुमेधा_न
लेक शेजारी बसून ओरडतेय, उघडायच्या आधी प्लग काढायला सांग!!