अंध ग्राहकासोबतचा कुत्रा आणि खानावळीचे दार

अमळनेरचे मास्तर :
जळगावच्या एका खानावळचालकांनी येथे मोठ्या अभिमानाने लिहिले आहे की, मार्गदर्शक कुत्रा घेऊन आलेल्या एका अंध गृहस्थांना त्यांनी ‘कुत्रा बाहेर बांधा, मग आत या’ असे बजावून दारातूनच परत पाठवले; आणि त्या मजकुराला शाबासकीही भरपूर मिळाली. ज्याला दिसत नाही त्याचा वाट दाखवणारा कुत्रा रस्त्यावर बांधून त्याला आत बोलावणे म्हणजे येऊच नको असे सांगणे आहे, हे शाबासकी देणाऱ्यांपैकी एकालाही सुचू नये, याचा मला संताप आला.

माझा अंध भाचा अमेरिकेत नोकरी करतो. घरच्या लग्नासाठी तो आपल्या लॅब्राडोरसह आला होता. जेवणाच्या वेळी तो कुत्रा भाच्याच्या खुर्चीखाली शिरून, त्याच्या चपलेवर हनुवटी टेकून, ताट उचलले जाईपर्यंत पडून राहिला. कोणा पोराने बट्टीचा तुकडा पुढे टाकला, तर त्याने मान फिरवली. वऱ्हाडी मात्र तेवढ्या वेळात मानपानावरून भांडून मोकळे झाले. दुसऱ्या दिवशी एका कापडदुकानात ‘गिऱ्हाइके घाबरतात’ म्हणून याच कुत्र्याला आणि अर्थातच भाच्यालाही पायरीवर थांबवण्यात आले.

अमेरिकेत 1990 च्या कायद्याने हा प्रश्न निकालात काढला आहे. कुत्र्याची गरज उघड दिसत नसेल, तर दुकानदार दोनच गोष्टी विचारू शकतो : हा कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का, आणि त्याला कोणते काम शिकवले आहे. कागदपत्रे मागता येत नाहीत. मात्र कुत्रा आवरेनासा झाला आणि मालकाने त्याला आवरले नाही, किंवा त्याने घाण केली, तर त्याला बाहेर काढण्याचा हक्क दुकानदाराकडे राहतो. यात अन्याय कोणावर झाला, ते सांगावे.

खानावळवाले नाना :
मास्तर, तो मजकूर माझाच आहे आणि मी तो मागे घेणार नाही. अमेरिकेचा कायदा जळगावात चालत नाही. परवाना माझ्या नावावर आहे. शेवभाजीत केस निघाला, तर तुमचा भाचा नव्हे, मी उत्तर देणार. आपला 2016 चा दिव्यांग हक्क कायदा मीही चाळला आहे. त्यात कुत्र्याचा उल्लेखही नाही. शिवाय कागद मागायचा नाही, असे ठरले, तर उद्या प्रत्येक हौशी मालक मार्गदर्शक कुत्र्याला घालतात तसले जाकीट ऑनलाइन मागवून आपला कुत्रा पंगतीला आणील. तेव्हा निस्तरायला तुम्ही येणार आहात का?

धुळ्याच्या वकील ताई :
नानासाहेब, कुत्र्याचा उल्लेख नाही, हे खरे. पण प्रश्न कुत्र्याच्या हक्काचा नाहीच. त्याच कायद्यात दिव्यांग व्यक्तीसाठी वाजवी सोय नाकारणे हाही भेदभाव मानला आहे आणि कायद्याच्या भंगाबद्दल पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. तुमच्यासारखे प्रकरण न्यायालयात गेले, तर सोय वाजवी होती की नाही यावरच वाद होईल, आणि टेबलाखाली निमूट पडलेला कुत्रा वाजवी नाही हे पटवताना तुमच्या वकिलाला घाम फुटेल. अन्नसुरक्षेचा मुद्दा स्वयंपाकघरापुरता रास्त आहे. त्या कुत्र्याला तुमच्या भट्टीजवळ न्या, असे कोणीही म्हणत नाही. जाकिटांच्या फसवणुकीची भीती मात्र मला मान्य आहे. त्यासाठी सरकारी ओळखपत्र असावे, असे माझे मत आहे, मास्तरांना ते रुचणार नाही.

भुसावळचे आप्पा :
येथे एका परदेशी कुत्र्यावर पाने भरवली जात आहेत आणि आमच्या गल्लीत संध्याकाळी पाऊल टाकता येत नाही! माझ्या पत्नीला बसस्थानकाजवळ कुत्रे चावले. सरकारी दवाखान्यात लस संपलेली, म्हणून रात्री खासगी डॉक्टर शोधत हिंडलो. सर्वोच्च न्यायालयाने 7 नोव्हेंबर 2025 रोजी शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके येथून मोकाट कुत्री हटवण्याचा आदेश दिला आहे. आधी तो अमलात आणा, मग कुत्र्यांना हॉटेलात बसवा.

नंदुरबारच्या प्राणिमित्र :
आप्पा, त्याच न्यायालयाने 22 ऑगस्टला निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडायला सांगितले होते आणि खाऊ घालण्यासाठी जागा ठरवून द्यायलाही सांगितले होते, हे सोयीस्करपणे गाळू नका. पालिकांनी निर्बीजीकरणच केले नाही, त्याचा दोष मुक्या प्राण्यांवर का?

भुसावळचे आप्पा :
मुके? रात्रभर भुंकतात ते कोण? तुमच्यासारखी माणसे कोपऱ्याकोपऱ्यावर पोळ्या टाकून निघून जातात आणि इंजेक्शने आम्ही घेतो. तुमच्या अंगणात ठेवा ना!

नंदुरबारच्या प्राणिमित्र :
माझ्या अंगणात चार आहेत, चौघांनाही लस दिलेली आहे. आपल्या अंगणात काय आहे, ते सांगता का?

चाळीसगावचा वाचक :
या चर्चेत पहिला अंध मीच दिसतो. मी पांढरी काठी वापरतो. कुत्रा मला परवडणार नाही, आणि मे महिन्यातल्या तापलेल्या डांबरावर त्याचे पाय पोळतील. तरीही उद्या कोणी आणला, तर त्याला माझ्यासारखीच अडचण येईल : पदपथावर लावलेल्या मोटारसायकली, दुकानांच्या पुढे आलेल्या पायऱ्या आणि आप्पा म्हणतात ती टोळकी. काठी पाहूनही ती अंगावर येतात. मग दुसरा कुत्रा पाहून काय करतील?

अमळनेरचे मास्तर :
नेमके हेच घडले होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोकाट कुत्र्यांनी भाच्याच्या लॅब्राडोरला घेरले, तो थिजून उभा राहिला आणि भाच्याला कोणत्या बाजूने निघावे हे कळेना. त्यामुळे आप्पांचा बंदोबस्त मलाही हवा आहे. पण तो होईपर्यंत नानांनी दार बंद ठेवावे, हे मला मान्य नाही. ओळखपत्राला माझा विरोध कायम आहे. मिळवताना दिव्यांगाच्याच चपला झिजतील.

खानावळवाले नाना :
ठीक आहे, वकीलबाईंच्या दहा हजारांनी माझे हृदयपरिवर्तन झाले, असे समजा. दाराजवळचे भिंतीकडेचे टेबल देईन. पण कुत्रा आधी शेजारच्या गिऱ्हाइकावर गुरगुरला, तर मी दोघांनाही उठवीन आणि त्या दिवशी मास्तरांचा एकही लेख वाचणार नाही.

धुळ्याच्या वकील ताई :
गुरगुरला तर कुत्र्याला उठवा. माणसाला जेवू द्या.