फेट, डूम, फोरबोडिंग: अनुवादात यांतील भेद कसे राखावेत?

प्रश्न (गंगापूर रोड, नाशिक):
आमच्या वाचकगटासाठी मी एका इंग्रजी भयकथेचा अनुवाद करीत आहे. तीत फेट, डेस्टिनी, डूम, ओमेन, फोरबोडिंग व प्रिमोनिशन हे शब्द वारंवार येतात. पहिल्या तिन्हींना ‘नियती’ आणि उरलेल्यांना ‘अपशकुन’ म्हटले तर काम भागते, परंतु कथेतील भीती ज्या छटांवर उभी आहे त्याच पुसल्या जातात. ‘सेन्स ऑफ इम्पेंडिंग डूम’ (आता काही भयंकर ओढवणार ही जाणीव) या प्रयोगापाशी तर मी पूर्ण अडलो आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (पंचवटी):
ओमेन बाहेर दिसतो, फोरबोडिंग मनात दाटते. गोदावरीचे पाणी नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर चढू लागलेले पाहून सराफ बाजारातील दुकानदार माल हलवतो, तेव्हा त्याच्यापुढे यांपैकी काहीच नसते. तो अनुभवाचा हिशेब असतो. नदी शांत असताना, कारण सांगता येत नसताना त्याच्या जिवाला घोर लागला, तर ते फोरबोडिंग. आपल्याकडे ‘वैरी न चिंती ते मन चिंती’ म्हणतात, ती हीच अवस्था. येथे ‘शंकेची पाल चुकचुकली’ असे लिहू नये, कारण त्या प्रयोगात भीतीपेक्षा संशय अधिक आहे. प्रिमोनिशनमध्ये अमुक एक घडणार हे बहुधा ठरलेले असते, म्हणून ‘पूर्वाभास’ चालेल. ओमेन शुभही असू शकतो. ओमिनस मात्र जवळजवळ नेहमी अशुभच.

उत्तर (नाशिक रोड):
डूम या शब्दाचा जुन्या इंग्रजीतील अर्थ न्यायनिवाडा असा होता. 1086 मधील इंग्लंडच्या जमीनपाहणीच्या नोंदवहीला पुढे ‘डूम्सडे बुक’ हे नाव पडले, ते तिच्यातील नोंदी अखेरच्या निवाड्याइतक्याच अटळ मानल्या गेल्यामुळे. ‘सर्वनाश’ लिहिल्यास विध्वंस दिसतो, पण निकाल लागून गेल्याची जाणीव हरवते. फेट लॅटिनमधून आला असून त्याचा मूळ अर्थ ‘बोलले गेलेले’ असा आहे; आपले विधिलिखित त्याच्या शेजारी शोभते. डेस्टिनीत पुष्कळदा मोठेपणाची आशा असते, म्हणून ती ‘भवितव्य’ होऊ शकते. फेटल म्हणजे प्राणघातक आणि फेटफुल म्हणजे पुढचे सारे ठरवून टाकणारे, ही गल्लत कृपया टाळावी. ‘मॅकबेथ’मधील चेटकिणींना ‘वीअर्ड सिस्टर्स’ म्हटले आहे, तेथेही वीअर्डचा अर्थ नियतीशी निगडित आहे. ‘विचित्र’ हा अर्थ नंतरचा. आपल्या नाशिकच्या शिरवाडकरांनी याच नाटकावरून ‘राजमुकुट’ लिहिले, ते या कामी जरूर चाळावे.

उत्तर (कॉलेज रोड):
मी डॉक्टर असल्याने आपण अडलेल्या प्रयोगापुरतेच लिहितो. वैद्यकात ‘सेन्स ऑफ इम्पेंडिंग डूम’ हे एक मान्य लक्षण आहे. हृदयविकाराचा झटका, फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी किंवा तीव्र ॲलर्जी यांत ते आढळते, आणि रुग्णाने तसे सांगितल्यास आम्ही ते गांभीर्याने घेतो. असा रुग्ण ‘अरिष्टाची चाहूल लागली’ असे कधीच म्हणत नाही. तो हात घट्ट धरून म्हणतो, ‘डॉक्टर, आता माझं काही खरं नाही.’ आपल्या कथेतील पात्र हे स्वतःच्या तोंडाने बोलत असेल, तर हेच वाक्य ठेवावे.