आधी तारा, मग डोलकाठी

अ-१०२, सकाळी ७:१०
सर्व सभासदांना नमस्कार. आपल्या चार घरांच्या सामायिक होडीची, म्हणजे होबी १६ जातीच्या दोन हलांच्या कॅटामरानची, डोलकाठी गेले अकरा दिवस माझ्या खिडकीखालच्या बोळात आडवी पडली आहे, आणि आठ मीटर लांबीचा तो अडथळा ओलांडून माझ्या सासूबाईंना वॉकर घेऊन बाहेर यावे लागते. काल हल, म्हणजे होडीचा पाण्यावर तरंगणारा भाग, घासताना उडालेली पांढरी पूड वाळत घातलेल्या कपड्यांवर बसली, आणि कपडे दोनदा धुऊनही अंगाला खाज येते. होडीला माझा विरोध नाही, हे मी मागच्या वेळीही लिहिले होते. काम नेमके कधी संपणार, एवढे कोणीतरी स्पष्ट लिहावे.

ब-३०४, सकाळी ७:३२
ताई, मनापासून क्षमा मागतो. ती फायबरची पूड आहे, त्यामुळे खाज येणारच, आणि ती कोरडी घासायला नको होती. आजपासून पाणी मारून, ओल्या पॉलिशपेपरनेच घासले जाईल आणि घासणारा तोंडाला मास्क लावेल. उजवा हल तयार आहे. डाव्या हलचे काम मात्र वाटले होते त्याहून मोठे निघाले.

ड-४०३, सकाळी ७:४०
काका, मोठे म्हणजे किती? येत्या शनिवारी होडी पाण्यात घालायची असे मागच्या बैठकीत ठरले आहे. हंगामाचे पहिले दोन शनिवार याआधीच वाया गेले आहेत.

क-२०१, सकाळी ७:४८
डोलकाठी उभी करण्याआधी ती धरून ठेवणाऱ्या तिन्ही तारा बदलाव्यात, ही माझी विनंती नोंदवून घ्यावी. परवा डाव्या बाजूच्या तारेवरून हात फिरवताना खालच्या टोकाजवळ, जिथे तार नळीत दाबून बसवलेली आहे तिथे, तुटलेला एक धागा सुईसारखा माझ्या बोटात शिरला. ही तार १९ धाग्यांची असते. एक धागा बाहेर आला म्हणजे तो एकटाच तुटला आहे, असे समजू नये.

ब-३०४, सकाळी ८:०५
ड-४०३, सविस्तर लिहितो. डाव्या हलच्या वरच्या बाजूला, बैठकीची चौकट पेलणाऱ्या पुढच्या खांबाच्या थोडे पुढे, अंगठ्याने दाबले की पृष्ठभाग आत जातो. नाण्याने टकटक केली तर चांगल्या भागावर खणखणीत आवाज येतो आणि त्या भागावर कागदी खोक्यावर वाजवल्यासारखा भद्द आवाज येतो. हल म्हणजे फायबरचे दोन पातळ थर आणि त्यांच्यामध्ये फोम. त्यातला बाहेरचा थर फोमपासून सुटला आहे. मी नाणे वाजवत खडूने हद्द आखली, ती तळहाताएवढी निघाली. हल हा भार एखाद्या सांगाड्यावर नव्हे, या तीन थरांच्या एकजुटीवर पेलतो, त्यामुळे असा भाग तसाच ठेवला तर लाटेवर तो वाढत जातो आणि एक दिवस हल तिथेच दुमडतो.

अ-२०३, सकाळी ८:१२
माझ्या गॅलरीत मागच्या वेळचा अर्धा डबा पॉलिएस्टर रेझिन शिल्लक आहे. तोच वापरून टाकावा, नवीन खर्च कशाला?

ब-३०४, सकाळी ८:२०
आभारी आहे, पण नको. पॉलिएस्टर जुन्या, पक्क्या झालेल्या फायबरला इपॉक्सीइतके घट्ट धरत नाही. येथे पातळ इपॉक्सीच हवे. आखलेल्या भागात साधारण अडीच सेंटिमीटर अंतरावर तीन मिलिमीटरची छिद्रे पाडायची, आणि तीही फक्त बाहेरच्या थरातून. ड्रिल फोमच्या पलीकडे गेला तर आतला थरही फुटेल. आत ओल असेल तर ती आधी पूर्ण वाळू द्यायची. मग सुईविना इंजेक्शनच्या नळीने एका छिद्रातून इपॉक्सी भरत राहायचे आणि ते शेजारच्या छिद्रातून वर आले की पुढच्या छिद्राकडे जायचे. वर प्लॅस्टिकचा कागद आणि हलच्या गोलाईला बसेल असे बेताचे वजन. वजन जास्त झाले तर खोलगट खड्डा कायमचा राहतो. इपॉक्सी एका वेळी थोडेच कालवायचे, कारण भांड्यात जास्त साठले की ते स्वतःच्या उष्णतेने तापते आणि हातातच घट्ट होते.

ब-२०२, सकाळी ८:२६
ही होडी पाण्यावर कमी आणि या ग्रुपवर जास्त तरंगते.

अ-१०२, सकाळी ८:३०
ज्यांच्या खिडकीखाली ती पडलेली नाही त्यांना विनोद सुचणे साहजिक आहे.

अ-३०१, सकाळी ८:४१
मंडळी, शांत व्हा. ‘कॅटामरान’ हा शब्द ‘कट्टुमरम’ या तमिळ शब्दावरून आला. कट्टु म्हणजे बांधणे आणि मरम म्हणजे लाकूड. बांधलेली लाकडे, एवढाच त्याचा अर्थ. होडीत काय बदलले तरी तिचे सगळे बळ बांधणीतच असते. म्हणून क-२०१ म्हणतात त्याकडे लक्ष द्यावे, असे माझे मत आहे.

क-२०१, सकाळी ८:५०
आजोबा, आभारी आहे. पुन्हा लिहिते : डोलकाठी उभी करण्याआधी तिन्ही तारा बदलाव्यात.

ड-४०३, सकाळी ९:०२
ताई, आदर ठेवून सांगतो की हाच मुद्दा आपण प्रत्येक हंगामात मांडता. तारा स्टेनलेस स्टीलच्या आहेत आणि चकाकत आहेत. गंज कुठेच दिसत नाही.

क-२०१, सकाळी ९:१५
चकाकतात म्हणूनच मी घाबरते. स्टेनलेस तार बाहेरून गंजत नाही, पण नळीच्या आत खारे पाणी साचते, तिथे हवा पोहोचत नाही, आणि गंज आतून धागे खातो. बाहेर दिसतो तो फार तर तपकिरी डाग. डोलकाठी या होडीत कुठेही रोवलेली नसते. ती खाली एका गोलसर बुंध्यावर नुसती टेकलेली असते आणि बाजूच्या दोन तारा व पुढची एक तार तिला धरून ठेवतात. वाऱ्याकडची तार तुटली की काठी दुसऱ्या बाजूला आडवी होते, आणि त्या क्षणी ट्रॅपीझवर, म्हणजे काठीला बांधलेल्या तारेच्या आधाराने होडीबाहेर, लोंबकळणारा माणूसही तिच्याबरोबर फेकला जातो. मागच्या हंगामात काठी पडली तेव्हा माझा मुलगा ट्रॅपीझवर होता. सगळे सुखरूप परतले, म्हणून मी तेव्हा काही लिहिले नाही.

ड-४०३, सकाळी ९:२१
त्या दिवशी तार तुटली नव्हती. तार अडकवणाऱ्या पिनेतली कडी निघाली होती. कडीवर टेप कोणी लावायची होती, हे सर्वांना ठाऊक आहे.

ब-३०४, सकाळी ९:३४
मला उद्देशून असेल तर थेट लिहावे. टेप मी लावली नाही, हे मी त्याच संध्याकाळी मान्य केले होते आणि आजही करतो. त्या कडीत शिडाची दोरी अडकली, कडी उघडली, पिन सरकली आणि काठी आली. या वेळी प्रत्येक पिन आणि कडी मी बसवीन, पण टेप दुसऱ्या घरातला माणूस लावेल आणि तिसरा तपासेल.

सचिव, सकाळी ९:४०
सर्वांनी संयम ठेवावा, ही नम्र विनंती. आणखी एक बाब. आपली डोलकाठी जुनी, पूर्ण ॲल्युमिनियमची आहे. नंतरच्या होबी १६ होड्यांत काठीचा वरचा भाग फायबरचा केला, तो वरून जाणाऱ्या विजेच्या तारांना काठी लागून माणसाला धक्का बसू नये म्हणूनच. मागच्या फाटकावरून विजेची तार गेली आहे. त्यामुळे आवारात काठी ‘एकदा उभी करून पाहू’ असे कोणीही म्हणू नये. ती किनाऱ्यावरच, वर पाहून, दोन माणसांनी उभी करावी.

अ-२०३, सकाळी ९:५५
दोन हलांमधल्या बसायच्या कापडाचे, म्हणजे ट्रॅम्पोलीनचे, काय? माझी मुलगी त्यावर बसते.

ब-३०४, सकाळी १०:०३
कापड ठीक आहे, पण शिवणीचा दोरा उन्हाने कुजला आहे आणि नखाने ओढला की तुटतो. दोन्ही कडा पुन्हा शिवायला दिल्या आहेत. सुकाणूच्या जोडणीतल्या झिजलेल्या चकत्या बदलल्या. दोन्ही सुकाणूंमधले अंतर मागच्या कडांपेक्षा पुढच्या कडांना सुमारे तीन मिलिमीटर कमी ठेवले आहे. काठीवरच्या रिवेटांभोवती पांढरा भुगा आहे, कारण स्टील आणि ॲल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजते. दोन रिवेट काढून, मध्ये संरक्षक मलम लावून पुन्हा बसवीन.

ड-४०३, सकाळी १०:१०
आणि हल गळतो की नाही हे कसे पाहणार? माझ्याकडे टायरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर आहे.

ब-३०४, सकाळी १०:१४
कॉम्प्रेसर कृपा करून जवळही आणू नका. त्या दाबाने सांधे उसवतात. मागच्या बुचाच्या छिद्राला नळी लावून फक्त तोंडाने फुंकायचे आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावायचे. जिथे बुडबुडे येतील तिथे गळती.

क-२०१, सकाळी १०:२०
हल, शिवण आणि सुकाणू यांबद्दल सर्वांनी लिहिले. तारांबद्दल निर्णय झालेला नाही. डोलकाठी उभी करण्याआधी तिन्ही तारा बदलाव्यात.

अ-१०२, सकाळी १०:३१
ताईंचा मुद्दा आता मलाही पटला आहे. पण शनिवार पुढे गेला तर काठी माझ्या बोळात अजून किती दिवस राहणार, याचेही उत्तर हवे.

ड-४०३, दुपारी १:४५
मी आता खाली जाऊन आलो. कापसाचा बोळा घेऊन तिन्ही तारांवरून वरपासून खालपर्यंत हळूहळू फिरवला. उजव्या तारेवर काहीच अडकले नाही. पुढच्या तारेवर एके ठिकाणी आणि डाव्या तारेवर तीन ठिकाणी कापूस अडकून राहिला. डाव्या तारेच्या टोकाशी भिंग धरून पाहिले, तेव्हा नळीच्या तोंडाशी चार धागे तुटलेले मोजले. ताई, सकाळचे माझे शब्द मी परत घेतो. उजवी तार चांगली दिसत असली तरी तीही त्याच वयाची आहे, म्हणून तिन्ही एकदम बदलू. ट्रॅपीझच्या तारांनाही तोच बोळा लावून पाहतो.

क-२०१, दुपारी १:५८
आभारी आहे. जुन्या तारा फेकू नका. पिनेच्या मध्यापासून मध्यापर्यंत लांबी त्यांच्यावरूनच मोजावी लागेल. बाजूच्या दोन्ही तारांची लांबी अगदी सारखी हवी, नाहीतर काठी एका अंगाला कलते.

ब-३०४, दुपारी २:१०
मग शनिवार सोडून देऊ आणि त्यापुढचा शनिवार धरू. इपॉक्सीलाही तेवढा वेळ मिळेल. अ-१०२ ताई, काठी आज संध्याकाळी सात वाजता बोळातून काढून मागच्या भिंतीलगत तीन ठोकळ्यांवर ठेवतो. उचलायला दोघे पुरतील, वळणावर तिसरा हवा.

ड-४०३, दुपारी २:१२
मी आणि माझा भाऊ येतो.

अ-१०२, दुपारी २:२०
वळणावर मी उभी राहीन. तिथे माझ्या कुंड्या आहेत, आणि काठीचे मागचे टोक किती फिरते हे पुढच्या माणसाला दिसत नाही.