मदत हवी आहे : फिल्डवर्कच्या रेकॉर्डिंगमध्ये 'मी' किती लिहायची?

वाणिज्य शाखेतून एमएसडब्ल्यूला (समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीला) आले आहे, पहिलंच सत्र. सुपरवायझर बाईंनी माझं रेकॉर्डिंग, म्हणजे भेटीचं लेखी टिपण, चौथ्यांदा परत केलं. शेरा तोच : 'यात तू कुठे आहेस?'

मी तर ठरवून स्वतःला बाजूला ठेवलं होतं. घरभेट किती वाजता, घरात माणसं किती, आजोबा काय म्हणाले, सगळं ओळीने. ताळेबंद लिहायची सवय, दुसरं काय!

मग अभ्यासक्रमाची उद्दिष्टं काढून बसले. समाजकार्याच्या २०१४ च्या जागतिक व्याख्येतली तत्त्वं पाठ आहेत : सामाजिक न्याय, मानवी हक्क, सामूहिक जबाबदारी, विविधतेचा आदर. अमेरिकेतल्या समाजकार्य शिक्षणाच्या २०२२ च्या निकषांत नऊ क्षमता आहेत. क्षेत्रकार्य पदवीला किमान ४०० तास, पदव्युत्तरला ९००. तास मोजता येतात हो. पण तिथे ज्ञान, मूल्यं, कौशल्यं यांच्या जोडीला स्वतःच्या भावनिक प्रतिक्रियाही क्षमतेतच धरल्या आहेत. त्या कागदावर कशा आणायच्या? आणि त्यांना गुण कशावरून देतात? कुणी नमुना सांगेल का?

प्रतिसाद १
नमुना मागू नकोस, त्याची नक्कल होते. मी पानाचे तीन रकाने करायचे : काय बोलणं झालं, तेव्हा मला काय वाटलं, आणि त्यामुळे मी काय केलं. तिसरा महत्त्वाचा. अख्खी भेट लिहू नकोस, जिथे तू अवघडलीस तेवढी पाच मिनिटं घे. नावं मात्र बदल.

प्रतिसाद २
थोडा वेगळा सूर लावतो. रेकॉर्डिंग म्हणजे रोजनिशी नव्हे. आमच्या तुकडीत काहींनी 'मला भरून आलं' यावर पानं भरली आणि त्या घराला रेशन का मिळत नाही हे राहूनच गेलं. समाजव्यवस्थेतला बदल हेही याच शिक्षणाचं उद्दिष्ट आहे. आजोबांचं पुढे काय झालं?

धागाकर्ती
दोघांचे आभार. तीन रकाने काढून पाहिले. मुलाचा विषय निघाल्यावर आजोबा गप्प झाले होते. मला ते सोसेना, म्हणून मी घाईघाईने पेन्शनचं विचारलं. रेकॉर्डिंगमध्ये 'पेन्शनबाबत माहिती घेतली' एवढंच लिहिलंय. मुलाबद्दल नंतर विचारलंच नाही.

हे असंच लिहून देऊ? गुण जातील का?

प्रतिसाद १
दे. आणि पुढच्या भेटीत पेन्शनचा कागद पिशवीतच राहू दे.