मदत हवी आहे: जुनी सायकल, झिजलेली चेन आणि खोलगट रिम

मंडळी, रोज जाऊन-येऊन 14 किलोमीटरसाठी एक वापरलेली गिअरची सायकल बघून ठेवली आहे. उंचीला बरोबर बसते. हँडलच्या नळीजवळच्या जोडांवर पोपडे किंवा तडा नाही. सीटची दांडीही गंजून अडकलेली नाही, सहज वरखाली होते.

आता खटकलेल्या गोष्टी. चेन ताणून पट्टी लावली. 24 पिनांच्या घरांचं अंतर बरोबर 12 इंच हवं, ते 1/8 इंचाने जास्त भरलं. म्हणजे नुसती चेन बदलून भागणार नाही, कारण इतक्या ढिल्या चेनने मागची दातचक्रंही खाल्लेली असणार. नवी चेन त्यांवर जोर दिला की उडी मारेल. क्रँक (पेडलचा दांडा) धरून आडवा हलवला तर किंचित खडखडतो. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे केली, हँडलच्या बेअरिंगमध्ये मात्र खेळ नाही.

खरी काळजी मागच्या रिमची आहे. ब्रेकचे रबर घासतात ती पट्टी बोटाला खोलगट लागते. भिंत पातळ झालेली रिम हवेच्या दाबाने फाटू शकते, आणि मला टायर 60 पीएसआयपर्यंत भरायचे आहेत.

विचारायचं एवढंच:
खोलगटपणा किती असला की रिम बाद धरायची? पट्टी आडवी ठेवून फट मोजणं पुरेसं आहे का?
क्रँकचा खेळ बेअरिंगचा की नुसत्या ढिल्या बोल्टचा, हे न खोलता कसं ओळखावं?
चेन, दातचक्रं आणि मागचं चाक तिन्ही बदलावं लागलं, तर ही सायकल सोडून द्यावी का?