मदत हवी आहे: इंग्रजी शब्दांचे चेक अर्थ सोमवारपर्यंत हवे आहेत

चाकणकर:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे नेहमीच्या वापरातील २४० इंग्रजी शब्दांची यादी आहे आणि प्रत्येक शब्दासमोर त्याचा चेक अर्थ लिहून हवा आहे. भाषांतर करणाऱ्या अ‍ॅपमधून मी सगळा रकाना भरून घेतला होता. परंतु तिकडे दोन वर्षे राहून आलेल्या एका सहकाऱ्याने तो पाहिला, मनसोक्त हसला, आणि अर्धी यादी चुकली आहे एवढेच सांगून रजेवर गेला. सोमवारी छपाई आहे. खात्रीचा इंग्रजी-चेक शब्दकोश कोणता, एवढे कृपया सांगावे. चेक भाषा शिकण्याविषयी सल्ला नको, तेवढा वेळ नाही.

पोफळी:
यादीतले चार-पाच शब्द आणि अ‍ॅपने त्यांना दिलेले अर्थ येथे लिहाल का? यादी कोणासाठी आहे, हेही आपण सांगितलेले नाही. पर्यटकाची यादी वेगळी आणि विद्यार्थ्याची वेगळी.

चाकणकर:
कोणासाठी याने काय फरक पडतो, हे मला समजले नाही. शब्द तेच आहेत. तरी नमुना देतो: नट म्हणजे ओर्झेख, स्प्रिंग म्हणजे यारो, नेल म्हणजे नेहेत, फ्री म्हणजे स्वोबोद्नी, प्लांट म्हणजे रोस्त्लिना.

पोफळी:
आपले सहकारी का हसले, ते लक्षात आले. ओर्झेख म्हणजे अक्रोड-बदामासारखे कवचफळ, यारो म्हणजे वसंत ऋतू आणि नेहेत म्हणजे बोटाचे नख. यादी कारखान्यातील असेल, असा माझा अंदाज आहे. तसे असल्यास नट म्हणजे मात्यित्से, स्प्रिंग म्हणजे प्रुझिना आणि खिळा म्हणजे ह्र्झेबीक. रोस्त्लिना हे कुंडीतले रोप झाले. कारखान्याला जावोद म्हणतात, आणि शर्यतीलाही जावोदच म्हणतात, त्यामुळे उलट दिशेने भाषांतर करतानाही सांभाळावे लागेल. स्वोबोद्नी म्हणजे स्वतंत्र, आणि अर्जात पुरुषासमोर लिहिले तर अविवाहित. रिकामी खुर्ची वोल्नी असते आणि फुकट मिळणारी वस्तू ज्दर्मा असते. अ‍ॅपने दिलेला एकही शब्द खोटा नाही; आपण त्याला एकटा शब्द दिला आणि त्याने समोर आला तो अर्थ उचलला.

ब्रनोवासी:
मी सहा वर्षे चेक प्रजासत्ताकातील ब्रनो शहरात राहतो. माझा अनुभव असा की शब्दांच्या याद्या करण्यात अर्थ नाही. भाषेच्या शिकवणीला नाव घालावे. कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी आता ए-२ पातळीची परीक्षा द्यावी लागते, पूर्वी ए-१ पुरेशी होती. तयारी लवकर सुरू केलेली बरी.

चाकणकर:
ब्रनोवासी, कायम वास्तव्याचा प्रश्न कोणी विचारला होता? आमचे बारा तंत्रज्ञ तीन महिन्यांसाठी म्लादा बोलेस्लावला प्रशिक्षणाला जात आहेत (तिथे स्कोडा मोटारींचा कारखाना आहे, हे निदान छत्रपती संभाजीनगर-चाकणच्या वाचकांना सांगायला नको). प्रत्येकाच्या खिशात मावेल अशी पुस्तिका करायची आहे.

पोफळी:
ही माहिती पहिल्याच संदेशात असती तर बरे झाले असते.

शब्दवेल्हाळ:
मुळात इंग्रजीची पायरी मध्ये कशाला हवी? मराठीतून थेट चेकमध्ये जावे. इंग्रजीला हँड आणि आर्म वेगळे लागतात. चेकमध्ये दोन्हींना रुका, जसा आपला हात. नोहा म्हणजे पाऊल धरून सगळा पाय, आणि प्र्स्त म्हणजे हाताचे किंवा पायाचे बोट. इंग्रजीतल्या यू या एका शब्दासाठी त्यांच्याकडे ति आणि वि आहेत, म्हणजे आपले तू आणि तुम्ही. पुरुष ‘मी गेलो’ म्हणतो आणि स्त्री ‘मी गेले’ म्हणते, तसा तिथेही शेल आणि श्ला असा भेद आहे. आपल्याला जे जन्मतः येते, ते इंग्रजीच्या चाळणीतून गाळून पुन्हा शिकायचे, हा उफराटा व्यवहार आहे.

अडाणी_अभियंता:
शब्दवेल्हाळ, मुद्दा आकर्षक आहे, पण अर्धाच खरा आहे. इंग्रजीतल्या नो (माहीत असणे) या क्रियापदाचे पाहा. वस्तुस्थिती माहीत असणे म्हणजे व्येद्येत, व्यक्ती किंवा गाव परिचयाचे असणे म्हणजे ज्नात, आणि कौशल्य येणे म्हणजे उम्न्येत. मराठीत माहीत असणे, ओळखणे आणि येणे अशी विभागणी बरीचशी जुळते, हे मान्य. पण गो घ्या: पायी जाणे यीत, वाहनाने जाणे येत, आणि नेहमीचे जाणे असेल तर अनुक्रमे खोद्यित आणि येज्द्यित. यातले काहीही मराठीतून आपोआप उगवत नाही. उलट ‘येत’ वाचून आपला माणूस कोणी येत आहे असे समजेल. शिवाय यंत्रांवरच्या पट्ट्या इंग्रजीत असतील, तर इंग्रजी रकाना काढून कसे चालेल?

शब्दवेल्हाळ:
व्येद्येतमध्ये आपला विद् धातू आहे आणि ज्नातमध्ये ज्ञा, एवढे तरी मान्य कराल ना? लांडग्याला ते व्ल्क म्हणतात, आपण वृक.

अडाणी_अभियंता:
मान्य, परंतु बारा तंत्रज्ञांना लांडगा भेटण्याची शक्यता कमी आहे.

चाकणकर:
यंत्रांवरच्या काही पट्ट्या इंग्रजीत आणि काही चेकमध्ये आहेत. इंग्रजी रकाना ठेवावाच लागेल, कारण आमच्या कामाच्या सूचना इंग्रजीत आहेत. शब्दकोशाचे नाव अजून कोणी सांगितलेले नाही.

सीमोल्लंघन:
माझे मत विचाराल, तर या पुस्तिकेचीच गरज नाही. आजकाल तांत्रिक शब्द सगळीकडे इंग्रजीच असतात.

पोफळी:
चेकच्या बाबतीत हे गृहीत धरू नये. संगणकाला ते पोचीताच म्हणतात, मोजणे या क्रियापदावरून घडवलेला शब्द. नाट्यगृहाला दिवाद्लो, पाहणे यावरून. जर्मनच्या छायेत मागे पडलेल्या भाषेत शब्द जाणूनबुजून घडवण्याची तिथे परंपरा आहे. योसेफ युंगमान यांचा चेक-जर्मन शब्दकोश पाच खंडांत १८३४ ते १८३९ या काळात निघाला. आपल्याकडे मोल्सवर्थच्या कोशाची पहिली आवृत्ती १८३१ची.

चाकणकर, कोशाबद्दल: चेक विज्ञान अकादमीच्या चेक भाषा संस्थेची भाषा-पुस्तिका आंतरजालावर मोफत आहे. ती इंग्रजी अर्थ देत नाही, मात्र नामाची सातही विभक्तींतील रूपे तक्त्यात देते, आणि आपल्याला नंतर तीच लागतील. छापील कोश हाती आला तर एक लक्षात ठेवावे: त्यांच्या वर्णमालेत आपल्या ख-सारखे घर्षून उच्चारले जाणारे ‘सी-एच’ हे एकच अक्षर मानतात आणि ते ‘एच’नंतर येते. पाव म्हणजे ख्लेब. तो ‘सी’मध्ये शोधत बसलात तर सापडणार नाही.

ब्रनोवासी:
आधी विषयांतर झाले, क्षमस्व. आता कामाचे सांगतो. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा की चेक माणूस बोलताना ‘नो’ म्हणाला, तर तो नकार नसतो. ‘आनो’ म्हणजे हो, आणि ‘नो’ हे त्याचे बोलीतले रूप, आपल्या ‘हं, बरोबर’सारखे. नकार म्हणजे ‘ने’. यंत्र सुरू करू का, असे विचारल्यावर समोरून ‘नो, नो’ आले आणि आपला माणूस थांबून राहिला, असे पहिल्या आठवड्यात हमखास होईल. सावधान या अर्थाचा शब्द पोजोर. प्लीजसाठी प्रोसीम लिहाल, ते ठीकच आहे. पण आभार मानल्यावर, वस्तू हातात देताना, फोन उचलताना आणि ऐकू आले नाही म्हणून ‘काय म्हणालात?’ विचारतानाही प्रोसीमच ऐकू येईल. आणि कोणी ‘श्कोदा’ म्हणून मान हलवली, तर तो गाडीविषयी बोलत आहे असे समजू नये. नुकसान झाले किंवा वाईट वाटले, असा त्याचा अर्थ असतो.

चाकणकर:
हे फार उपयोगी आहे, मनापासून आभार. आता क्रियापदांचे काय? ओपन आणि डोन्ट ओपन या दोन्हींसाठी अ‍ॅपने वेगवेगळे शब्द दिले आहेत. एक चुकीचा असणार.

अडाणी_अभियंता:
दोन्ही बरोबर आहेत. चेक क्रियापदांच्या सहसा जोड्या असतात: एक पूर्ण झालेल्या क्रियेसाठी, दुसरे चालू किंवा वारंवार होणाऱ्या क्रियेसाठी. उघडा म्हणजे ओतेव्र्झेते. उघडू नका म्हणजे नेओतेवीरेय्ते. नकारार्थी आज्ञेत बहुतेक वेळा दुसरे रूप येते. आपण ‘दार उघडून टाका’ म्हणतो, पण नकारात तो ‘टाका’ सहसा गळतो आणि ‘उघडू नका’ एवढेच उरते, तसा काहीसा हा प्रकार आहे. शब्दवेल्हाळ, मराठीच्या बाजूने एक गुण तुम्हाला दिला.

शब्दवेल्हाळ:
स्वीकारतो. लिप्यंतराविषयी एक सूचना: चोर आणि चांगला यांतला दंत्य च त्यांच्याकडे आहे, आणि चार यातला तालव्य च वेगळा आहे. मात्यित्सेमध्ये पहिला, पोचीताचमध्ये दुसरा. देवनागरीत दोन्हींना एकच अक्षर असल्याने दंत्य च सर्वत्र ‘त्स’ असा लिहावा. आघात नेहमी पहिल्या अक्षरावर.

चाकणकर:
सर्वांच्या सूचनांनुसार शब्दांऐवजी छोटी वाक्ये घेतली आहेत आणि २४०ची यादी ९०वर आणली आहे. प्रत्येक ओळीत इंग्रजी शब्द, मराठी वाक्य आणि चेक वाक्य, एवढेच. एक नमुना तपासावा: एक स्क्रू, येदेन श्रोउब; दोन स्क्रू, द्वा श्रोउबी; पाच स्क्रू, प्येत श्रोउबी.

पोफळी:
शेवटचे चुकले. दोन ते चारपर्यंत श्रोउबी. पाचपासून पुढे षष्ठीचे अनेकवचन लागते, म्हणून प्येत श्रोउबू. कोरुना या चलनाचेही तसेच: दोन कोरुनी, पण पाच कोरुन. आणि एकटा श्रोउब लिहिताना ब, मात्र उच्चारताना तो प-सारखा ऐकू येईल, हे उच्चाराच्या ओळीत नोंदवा.

चाकणकर:
मग २२ स्क्रूंना काय? शेवटी दोन आहे.

पोफळी:
तरीही सहसा श्रोउबूच.